दोन चटयांची खोली : जपानी चहाविधी आणि पुरेसेपणाचा विचार

जपानी चहाविधीला ‘चानोयु’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘चहासाठीचे गरम पाणी’ एवढाच आहे. साधना म्हणून त्याकडे पाहणारे लोक त्याला ‘चादो’, म्हणजे चहाचा मार्ग, असे म्हणतात. यजमान निखाऱ्यावर पाणी तापवतो, पाहुण्यापुढे एक गोड पदार्थ ठेवतो, मग हिरव्या चहाची पूड वाडग्यात घुसळून देतो. पाहुणा गोड खातो, चहा पितो, वाडगे निरखून पाहतो आणि निरोप घेतो. बाहेरून दिसते ते एवढेच. तरीही या कृतीभोवती गेली पाचशे वर्षे धर्मचिंतन होत आले आहे, कारण तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: विधीचे मोल त्याला लागणाऱ्या द्रव्यात असते, की देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या भावात?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. पान, फूल, फळ किंवा पाणी भक्तीने दिले तरी ते स्वीकारले जाते, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. दुर्योधनाची मेजवानी नाकारून कृष्ण विदुराकडे जेवला, ही कथा ‘विदुराच्या कण्या’ या शब्दांत मराठीत घरोघरी रुजली आहे. प्रवासाचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च मोजून जपानला जाणाऱ्या प्रवाशापुढे हाच प्रश्न अगदी व्यवहाराच्या रूपात उभा राहतो. थोड्या पैशांत घेतलेला चहाविधी हा अपुरा विधी असतो का?

भिक्षूंच्या पेयापासून ‘वाबी’पर्यंत

चहा जपानला चीनमधून गेला आणि तो बौद्ध भिक्षूंनी नेला. एइसाई हा भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला. त्याने झेन पंथाची शिकवण आणली आणि पूड करून घुसळायच्या चहाची रीतही रुजवली. संस्कृत ‘ध्यान’ या शब्दाचा चीनमध्ये ‘चान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’. ध्यानाला बसलेल्या भिक्षूची झोप उडवणारे आणि प्रकृती सांभाळणारे औषध म्हणून एइसाईने चहाचा पुरस्कार केला. १२१४ मध्ये त्याने आजारी शोगुन सानेतोमो याला चहा आणि चहाच्या गुणांवरचा आपला ग्रंथ, दोन्ही दिले.

पुढच्या दोनशे वर्षांत चहा मठाबाहेर पडला आणि श्रीमंतांच्या हाती गेला. चिनी भांडी, मोठी दालने, चहा ओळखण्याच्या पैजा असे त्याचे रूप झाले. मुराता जुको (१४२३–१५०२) याने त्याला पुन्हा लहान खोलीत आणले. तो क्योतोतील इक्क्यू या झेन गुरूचा शिष्य होता, असे परंपरा सांगते. चिनी भांड्यांच्या शेजारी जपानी कुंभाराचे ओबडधोबड भांडे ठेवायला त्याने सुरुवात केली. ताकेनो जोओ (१५०२–१५५५) याने हा विचार पुढे नेला आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने त्याला आजचे रूप दिले.

या विचाराचे नाव ‘वाबी’. या शब्दाचा मूळ अर्थ सुखाचा नाही. दैन्य, एकटेपणा, मनासारखे न झाल्याची खिन्नता असा तो अर्थ होता. चहाच्या जगात तो पालटला. जवळ कमी असूनही कमतरता न वाटणे, ती वाटू न देणे, आणि त्या कमीपणातच सौंदर्य दिसणे म्हणजे वाबी. गरिबीचा गौरव करणे हा त्याचा उद्देश नाही. आपल्यापाशी आहे ते पूर्ण मनाने दिले तर ते पुरते, हे त्याचे म्हणणे आहे.

मासळीच्या बंदरातला गुरू

रिक्यू साकाई या बंदरात, मासळीच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरात जन्मला. त्याच्या चहाघरातल्या दोन खुणा मासेमारांच्या जगातून आल्या आहेत.

पहिली खूण म्हणजे दार. रिक्यूच्या चहाघराचे ‘निजिरिगुची’ हे दार साधारण ६६ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे जेमतेम दीड हात. त्यातून चालत जाता येत नाही, गुडघे टेकून सरकत आत जावे लागते. योदो नदीकाठी हिराकाता येथे नावेच्या बुटक्या दारातून माणसे वाकून बाहेर येताना रिक्यूने पाहिली आणि त्यावरून त्याला हे दार सुचले, अशी जुनी नोंद आहे. कमरेची तलवार घेऊन या दारातून जाता येत नाही, म्हणून ती बाहेरच्या फळीवर ठेवायची. सरदार असो वा वाणी, आत जाताना डोके सारखेच खाली जाते.

दुसरी खूण म्हणजे टोपली. कात्सुरा नदीवरच्या एका कोळ्याच्या कमरेची मासे ठेवायची टोपली रिक्यूने मागून घेतली आणि तिच्यात फुले ठेवली, अशी आख्यायिका आहे. तीच म्हणून ओळखली जाणारी टोपली आजही जतन केलेली आहे.

मुंबईच्या वर्सोव्यात, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्यात, या दोन्ही गोष्टी समजायला फार सांगावे लागत नाही. बंदराला लागलेल्या बोटीच्या केबिनचे दार माणसाच्या उंचीचे नसते. एक हात चौकटीला धरून, मान खाली घालून, आधी एक पाय आणि मग दुसरा असे आत शिरावे लागते. तांडेल असो वा खलाशी, दार दोघांनाही सारखेच वाकवते. मासळीच्या टोपलीचेही तसेच आहे. पाणी गळून जावे आणि मासळीला हवा लागावी एवढ्याच हिशेबाने तिची वीण केलेली असते. तिच्यात दिखाव्यासाठी एकही काडी नसते. रिक्यूला सुंदर वाटले ते हेच: कामापुरते असणे, आणि त्या कामात पुरे पडणे.

क्योतोजवळ यामाझाकी येथील म्योकी-आन मंदिरातले ‘ताई-आन’ हे चहाघर रिक्यूने बांधले असे मानतात. जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केले आहे. त्याच्या मुख्य खोलीत दोनच तातामी, म्हणजे गवताच्या दोन जाड चटया मावतात. क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस फूट भरते. कोळीवाड्यातल्या अगदी लहान खोलीपेक्षाही ती लहान आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या सत्ताधीशाला चहा देण्यासाठी रिक्यूला याहून मोठी जागा आवश्यक वाटली नाही.

सोन्याची खोली आणि भाजके पीठ

तो सत्ताधीश म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी. शेतकरी-सैनिकाच्या घरातून वर आलेल्या या माणसाने सारा जपान एका सत्तेखाली आणला. रिक्यू त्याचा चहागुरू होता. हिदेयोशीने तीन तातामींची एक खोली सोन्याच्या पत्र्याने मढवून घेतली होती. ती सुटी करून हलवता येत असे. १५८६ च्या आरंभी ती राजवाड्यात नेऊन त्याने सम्राटाला चहा दिला. भांडीही सोन्याची होती.

त्याच हिदेयोशीने १५८७ च्या शरद ऋतूत क्योतोच्या कितानो तेनमांगू देवळाच्या पाइनच्या वनात सर्वांसाठी चहामेळा भरवला. त्याचे जाहीर फर्मान चहाविचाराच्या इतिहासात मोलाचे आहे. नोकर, गावकरी, शेतकरी कोणीही यावे. सोबत एक किटली, एक पाण्याची बादली आणि एक वाडगे आणावे. बसायला तातामी नसेल तर साधी चटई चालेल. चहाची आवड असलेला माणूस परदेशचा असला तरी त्याने यावे. आणि ज्याच्याकडे चहा नसेल त्याने ‘कोगाशी’ आणली तरी हरकत नाही.

कोगाशी म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ, गरम पाण्यात कालवून पिण्याचे. महाराष्ट्रातल्या सातूच्या पिठाचे ते सख्खे भावंड. चहाच्या मेळ्यात चहाच नसला तरी चालेल, असे हे फर्मान सांगते. त्या वनात शेकडो लोकांनी आपापल्या जागा मांडल्या. हेचिकान नावाच्या एका अवलियाने मोठी लाल छत्री रोवून तिच्याखाली चहा केला. ती पाहून हिदेयोशी प्रसन्न झाला, असे नोंदले आहे. हिदेयोशी आणि रिक्यू यांनीही आलेल्यांना चहा दिला. दहा दिवसांचा म्हणून जाहीर झालेला हा मेळा एका दिवसात आटोपला.

फर्मानाची दुसरी बाजूही आहे. जो येणार नाही त्याला पुढे कोगाशीसुद्धा करता येणार नाही, अशी ताकीद त्यात होती. सत्तेचे औदार्य आणि सत्तेचा धाक एकाच कागदावर होते. चार वर्षांनी, १५९१ मध्ये, हिदेयोशीच्याच आज्ञेने रिक्यूला स्वतःच्या हाताने प्राण द्यावे लागले. त्यामागच्या कारणांविषयी इतिहासकारांत एकमत नाही. चहाघराच्या आत सारे समान असतात, बाहेर मात्र तलवार फळीवर वाट पाहत असते, हे सत्य रिक्यूच्या मृत्यूने दाखवून दिले.

तरीही फर्मानातले कोगाशीचे वाक्य टिकून राहिले. विधीतले काय काढले तर विधी उरतो आणि काय काढले तर तो संपतो, हे ओळखण्याची कसोटी त्यातून मिळते. सोने काढले तरी चहाविधी उरतो. तातामी काढली तरी उरतो. चहा काढून त्या जागी भाजके पीठ ठेवले तरीही तो उरतो. यजमानाचे लक्ष आणि पाहुण्याचे लक्ष काढले तर मात्र मागे काहीच राहत नाही.

विधीचा क्रम

पूर्ण चहाविधीला ‘चाजी’ म्हणतात. त्याला सुमारे चार तास लागतात. पाहुणे थोडेच, बहुधा पाचपेक्षा जास्त नसतात. आधी बागेतल्या बुटक्या दगडी कुंडाशी वाकून हात धुवायचे आणि चूळ भरायची. मग बुटक्या दारातून आत. भिंतीतल्या कोनाड्यात टांगलेला अक्षरपट पाहून त्याला नमस्कार करायचा. त्यानंतर निखारे मांडले जातात, हलके जेवण होते आणि गोड पदार्थ येतो. पाहुणे थोडा वेळ बागेत जातात. परत येतात तेव्हा पटाच्या जागी एखादे फूल असते. मग दाट चहा, ‘कोइचा’, एकाच वाडग्यातून सगळे पितात. प्रत्येकाने तीन-चार घोट घ्यायचे, काठ पुसायचा आणि वाडगे शेजाऱ्याला द्यायचे. शेवटी पातळ चहा, ‘उसुचा’, प्रत्येकाला वेगळा मिळतो.

उसुचासाठी सुमारे दोन ग्रॅम पूड आणि ६०–७० मिलिलिटर पाणी लागते. मुंबईच्या टपरीवरच्या कटिंगइतकेच हे माप. पाणी उकळते नसते, थोडे निवलेले असते. बांबूच्या बारीक तारांच्या घुसळणीने फेस येईपर्यंत ते घुसळतात. पाहुणा वाडगे उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवतो आणि दोनदा किंचित फिरवतो. वाडग्याची सर्वांत देखणी बाजू यजमानाने पाहुण्याकडे केलेली असते. त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून पाहुणा ती वळवतो. यजमान उत्तम ते पुढे करतो आणि पाहुणा नम्रतेने ते जपतो. दोन बोटांच्या या वळणात संपूर्ण चहाविधीचा आशय सामावला आहे.

या विधीची चार तत्त्वे सांगतात: मेळ, आदर, शुद्धी आणि शांती. पतंजलीच्या नियमांत शौचानंतर संतोष येतो. इथेही आधी हात धुतले जातात आणि अखेरीस मन निवते. रिक्यूचे म्हणून सांगितले जाणारे सात नियम त्याहूनही साधे आहेत. चहा चवीचा करावा. पाणी तापेल असा कोळसा मांडावा. फुले रानात असतात तशी ठेवावीत. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब द्यावी. वेळेआधी तयार असावे. पाऊस नसला तरी पावसाची तयारी ठेवावी. सोबतच्या पाहुण्यांची काळजी घ्यावी. हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, असे शिष्य म्हणाला. तेव्हा हे तू नीट करून दाखवलेस तर मीच तुझा शिष्य होईन, असे रिक्यूने उत्तर दिले, अशी कथा आहे. या सात नियमांपैकी एकालाही महाग वस्तू लागत नाही.

आधी गोड, मग कडू

चहाविधीत गोड पदार्थ चहाबरोबर खात नाहीत, आधी खाऊन संपवतात. जिभेवर गोडवा असताना आलेला कडू चहा मऊ लागतो. उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि मग पाणी देण्याची महाराष्ट्रातली रीत याच अनुभवावर उभी आहे. गुळानंतर साधे पाणीही गोड लागते.

आजच्या जपानी मिठाया, ‘वागाशी’, अत्यंत नाजूक दिसतात. लाल अझुकी डाळीचे गोड पुरण, तांदळाचे पीठ, समुद्रशेवाळापासून काढलेले अगार आणि साखर हे त्यांचे मुख्य घटक. दूध, लोणी, अंडे यांचा वापर बहुतेक पारंपरिक प्रकारांत नसतो, त्यामुळे शाकाहारी प्रवाशालाही त्या बहुधा चालतात. ऋतूप्रमाणे त्यांचे आकार बदलतात. वसंतात चेरीचे फूल, शरदात लाल मेपलचे पान. दाट चहाबरोबर ओलसर मिठाई येते, पातळ चहाबरोबर कोरडी.

रिक्यूच्या काळी मात्र असे काही नव्हते. साखर परदेशातून येई आणि फार महाग होती. ‘काशी’ हा मिठाईसाठीचा शब्द मुळात फळांसाठी होता. रिक्यूच्या चहाबैठकींच्या म्हणून ज्या नोंदी आहेत, त्यांत भाजलेले चेस्टनट, शिजवलेले समुद्रशेवाळ आणि ‘फुनोयाकी’ असे पदार्थ येतात. फुनोयाकी म्हणजे गव्हाच्या पिठाचे पातळ धिरडे, आत मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण, लावून गुंडाळलेले. चहाविधीच्या सर्वांत थोर गुरूच्या पाहुण्यांपुढे येणारे गोड म्हणजे बहुधा असे धिरडे होते.

साखरेच्या अनेक मिठाया जपानमध्ये आल्या त्या पोर्तुगीजांबरोबर, आणि तो रस्ता गोव्यातून जात होता. गोव्यात धर्मशिक्षण घेतलेला जेझुइट लुईश फ्रॉइश याने १५६९ मध्ये क्योतोत हिदेयोशीच्या आधीचा सत्ताधीश ओदा नोबुनागा याला काचेच्या कुपीतून साखरेच्या काटेरी गोळ्या भेट दिल्या. त्यांचे पोर्तुगीज नाव ‘कोन्फेइतो’, जपानी जिभेवर ते ‘कोन्पेइतो’ झाले. महाराष्ट्रातल्या घरांत संक्रांतीला होणारा काटेरी हलवा पाहिलेल्याला त्यांची कृती समजावून सांगावी लागत नाही. मंद आचेवर ताटलीत तीळ घ्यायचे, त्यांवर चमच्याने पाकाचे थेंब सोडायचे आणि बोटांनी हळूहळू हलवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा थेंब. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की रंग बिघडतो. दिवसभरात कधीतरी दाण्याला बारीक काटे फुटू लागतात. कोन्पेइतोही असाच, तिळासारख्या बारीक बीवर पाकाचे थर चढवत तयार होई. आजही तिरक्या फिरत्या कढईत त्याला साधारण दोन आठवडे लागतात. दोन्हींत साहित्य अगदी थोडे असते, खर्च होतो तो वेळ. वाबीच्या विचारात बसेल अशीच ही मिठाई आहे.

याच सागरी वाटेने वसईचा एक माणूसही जपानला पोहोचला. गोन्सालो गार्सिया याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत झाला. वेसावे आणि साष्टीचा सारा टापू तेव्हा वसईच्या पोर्तुगीज अंमलाखाली होता. गोन्सालो उत्तम जपानी बोलत असे. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषा म्हणून तो हिदेयोशीसमोर उभा राहिला. ज्याच्या आज्ञेने रिक्यू गेला, त्याच हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत गोन्सालोसह सव्वीस जणांना क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिले, आणि वसई परिसरात आजही त्याचा सण साजरा होतो. त्या काळातले ख्रिस्ती धर्मप्रचारक चहाविधीकडे आदराने पाहत. जेझुइटांच्या घरात चहा देण्याची सोय असावी, अशी सूचना त्यांचा प्रमुख निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो याने दिली होती. रिक्यूच्या सात मुख्य शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदारही होता. धर्म वेगळे असले तरी एका वाडग्याभोवती बसता येते, याचा अनुभव त्या पिढीने घेतला होता.

मिठायांकडे परतले तर क्योतोच्या ‘मिनाझुकी’ या मिठाईत काटकसरीचा विचार सर्वांत स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात डोंगरातल्या शीतगृहातला बर्फ राजदरबारासाठी येई. सामान्य माणसाला तो मिळत नसे. म्हणून लोकांनी तांदळाच्या पिठाची पांढरी, तिकोनी, बर्फाच्या तुकड्यासारखी वडी केली आणि वर अझुकीचे दाणे लावले. उरलेले अर्धे वर्ष निरोगी जावे म्हणून आजही ३० जूनला ती खातात. ज्यांना बर्फ परवडला नाही त्यांनी बर्फाचा आकार खाल्ला, आणि शहराने ती रीत जपली.

साधेपणाच महाग होतो तेव्हा

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे. वाबी हा साकाईच्या धनिक व्यापाऱ्यांनी घडवलेला विचार आहे. ज्यांच्याकडे सगळे होते त्यांनीच कमीपणाचे सौंदर्य शोधले. कोरियातल्या सामान्य माणसांची रोजच्या वापरातली मानली जाणारी ‘इदो’ वाडगी जपानमध्ये अमोल ठरली. त्यांपैकी ‘किझाएमोन’ नावाचे वाडगे आज राष्ट्रीय ठेवा आहे. चहाची बरणी किंवा किटली जहागिरीच्या मोलाची ठरल्याचे दाखले सोळाव्या शतकात अनेक आहेत. आजही रिक्यूच्या वंशजांच्या तीन घराण्यांत, ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के यांच्यात, पद्धतशीर शिक्षणाला वर्षे लागतात आणि खर्चही होतो. मग साधेपणा ही श्रीमंतांनाच परवडणारी चैन नाही का?

आक्षेपात तथ्य आहे. साध्या वस्तूचे रूप विकत घेता येते आणि तसे ते घेतले गेले. पण वस्तूचा साधेपणा वेगळा आणि वागण्यातला पुरेपणा वेगळा. पहिला बाजारात चढ्या भावाने विकला जातो, दुसरा विकता येतच नाही. किझाएमोन वाडगे कितीही अमोल झाले तरी यजमानाचे लक्ष इतरत्र असेल तर त्यातला चहा वाया जातो. कोगाशीची कसोटी लावली की उत्तर सरळ मिळते: जे काढून टाकता येते ते महाग होऊ शकते, जे काढता येत नाही त्याला भाव लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात इइ नाओसुके (१८१५–१८६०) या सरदाराने चहाच्या तत्त्वज्ञानात ‘इचिगो इचिए’ हे वचन रूढ केले. एकदाच, याच क्षणी, हीच भेट. तीच माणसे पुन्हा जमली तरी आजची बैठक पुन्हा होणार नाही, म्हणून तिला पूर्ण द्यावे. बौद्ध अनित्यतेचा हा रोजच्या व्यवहारातला अर्थ आहे. जो क्षण पुन्हा येणार नाही त्याची तुलना दुसऱ्याच्या महाग क्षणाशी करता येत नाही.

थोड्या पैशांतला पाहुणा

जपानमध्ये चहा घेण्याच्या साधारण तीन पायऱ्या आहेत. शिक्षकासोबत तासाभराची बैठक घेतली तर काही हजार येन लागतात. अनेक मंदिरांत आणि बागांत एक वाडगा माच्चा, म्हणजे घुसळलेला पुडीचा हिरवा चहा, आणि एक मिठाई साधारण ५०० ते १,००० येनमध्ये मिळते. अलीकडच्या दराने सुमारे ३०० ते ६०० रुपये. कामाकुराचे होकोकुजी मंदिर आपल्या बांबूवनासमोर चहा देते. तोक्योच्या हामारिक्यू बागेत तळ्यातल्या चहाघरात, ताकामात्सूच्या रित्सुरिन बागेत जुन्या सरदारी वाड्यात तो मिळतो. क्योतोजवळच्या उजी या चहाच्या गावात नगरपालिकाच ‘ताइहो-आन’ हे चहाघर चालवते. तिसरी पायरी म्हणजे चाजीचे निमंत्रण. ते सहसा विकत मिळत नाही, आणि बोलावलेल्या पाहुण्याकडून भोजनगृहासारखे बिल घेतले जात नाही. म्हणजे सर्वांत पूर्ण विधी सहसा किमतीच्या यादीत नसतोच.

मंदिरातला पाचशे येनचा चहा बहुधा आत घुसळून आणून ठेवलेला असतो. समोर यजमान बसत नाही. त्याला पूर्ण विधी म्हणणे खरे होणार नाही, कारण यजमानाचा अर्धा भाग त्यात फार थोडा आहे. पण पाहुण्याचा अर्धा भाग पूर्णपणे प्रवाशाच्या हाती राहतो. हातातले घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी, म्हणजे वाडग्याला चरा जात नाही. तीव्र अत्तर लावू नये, चहाचा आणि धुपाचा वास त्यात हरवतो. पायांत स्वच्छ मोजे असावेत. गोड आधी संपवावे; उरले तर कागदात गुंडाळून सोबत न्यावे, टाकू नये. वाडगे वळवून प्यावे आणि मग क्षणभर ते पाहावे. गुडघे दुखत असतील तर संकोच नको. १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी परदेशी पाहुण्यांचा विचार करून उरासेन्केच्या अकराव्या प्रमुखाने खुर्ची-टेबलावरची पद्धत तयार केली, आणि ती आज परंपरेचाच भाग आहे. बक्षिसी द्यायची नसते. पैशाने माणूस गिऱ्हाईक होतो, पाहुणा तो वागण्याने होतो.

काला, नैवेद्य आणि गूळ-पाणी

सगळ्यांनी एकाच वाडग्यातून चहा पिण्याचा अर्थ वारकऱ्याला लगेच कळेल. पंढरीच्या वारीची सांगता गोपाळपूरच्या काल्याने होते. लाह्या, पोहे, दही असे ज्याच्याजवळ जे असेल ते एकत्र करून सगळे एकमेकांच्या हातून घेतात. काल्यात कोणाची शिदोरी मोठी होती हे विचारत नाहीत. वेसाव्याचे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला एक नारळ अर्पण करतात. त्या समुद्रातून वर्षभर येणाऱ्या मासळीच्या मोलाशी त्या नारळाचे गणित कोणी मांडत नाही, कारण ती किंमत चुकवणे नसून कृतज्ञता सांगणे आहे. काला, नारळ आणि कोगाशीचे वाडगे यांच्यामागचा विचार एकच आहे: अर्पण अपुरे ठरते ते मन आखडल्याने, द्रव्य कमी पडल्याने नव्हे.

म्हणून थोड्या पैशांत निघालेल्या प्रवाशाने जपानी चहाविधीपुढे स्वतःला कमी लेखू नये. या मार्गाच्या थोर गुरूने धिरडे वाढले, कोळ्याच्या टोपलीत फूल ठेवले आणि ४० चौरस फुटांत सत्ताधीशाला वाकवले. जपानला जाणे जमले नाही तरीही या विचाराचा अभ्यास थांबत नाही. दारात आलेल्या माणसाला बसायला जागा करून, हातातले काम बाजूला ठेवून, आधी गुळाचा खडा आणि मग पाणी द्यावे. चहाविधीतले काढता न येणारे सारे काही त्यात आहे.